आप्पांच्या नावाची नळी

आप्पांच्या नावाच्या नळीत मी माझी थुंकी भरून दिली. चुकून नव्हे. दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, आतल्या रेघेपर्यंत मोजून.

आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेल्या आठवड्यात पाटसच्या बाजूला साखर कारखान्याचं धुराडं पेटलं आणि ही गोष्ट पुन्हा वर आली. आमच्याकडे वर्षाचे दोनच भाग, धुराडं चालू आणि धुराडं बंद. बाकी ऋतू शाळेच्या पुस्तकात. धुराडं चालू झालं की रस्त्यावर उसाचं पाचट पसरतं, ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या वळणावर अंगावर येतात आणि वारा फिरला की मळीचा तो गोडसर, आंबूस वास घरात शिरतो. उशीत, धुतलेल्या शर्टात, चहात, सगळीकडे. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला मात्र तो वास आला की घरात कुणीतरी परतल्यासारखं वाटतं.

आप्पांच्या आजाराची पहिली खबर मला ह्या वासानंच दिली होती. मी ती ओळखली नाही, उलट चारचौघांत तिची करमणूक केली. अशाच एका हंगामात, बॉयलर पेटून चार दिवस झाले होते, सगळा गाव मळीत बुडाला होता, आणि आप्पा अंगणात उभे राहून मला म्हणाले, "यंदा कारखाना लांबला का काय रं?"

मी म्हणालो, "आप्पा, नाक घरात इसरून आलाय का?" मग चौकात चहा पिताना हीच गोष्ट मी तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा लोक हसले.

पुढच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगला आप्पांची सही बघितली. माझ्या भावाची सही म्हणजे पूर्वी शेजारच्याच्या रकान्यात अतिक्रमण. त्यांच्या खाली ज्याचं नाव येई तो आधीच कागद आखडून धरायचा. ती सही आता मुंगीएवढी झाली होती. मी म्हणालो, वय झालं की माणूस नम्र होतो. त्यानंतर वर्षभरानं उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला, हुरडा चोळताना फिरतो तसा. तळहातात दाणा नाही, तोंडाशी न्यायचं काही नाही, चोळणं मात्र चालू. तेव्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी चालायला लावलं, वळायला लावलं, लिहायला लावलं आणि सांगितलं, कंपवात. वास जाणं, अक्षर बारीक होणं, ही सगळी त्याचीच आधीची पावलं. मी खुर्चीत बसून मान हलवत राहिलो. पावलं मी सगळी बघितली होती, प्रत्येकावर विनोदही केला होता.

केतकी आली ती कंपवाताच्या घरांची माहिती गोळा करायला. पुण्यात मेंदूचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिथली पोरगी. आप्पांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, देता का नमुना? आप्पा लगेच हो म्हणाले होते. मी दौंड स्टेशनवर तिला घ्यायला गेलो. डेमूतून उतरली, पाठीला सॅक, हातात ही एवढी पेटी.

"पेटीत काय?" मी गाडी चालू करायच्या आधीच विचारलं.

"नळ्या आहेत, काका."

"रिकाम्या?"

"हो."

"रिकाम्या नळ्यांना एवढी मोठी पेटी?"

"जाताना भरलेल्या असतील ना."

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. बरोबर उत्तर तयार ठेवून येणारा माणूस मला आवडत नाही. हा दोष धंद्याचा. मी तीस वर्षं साखर कारखान्यात पॅनमन होतो. पॅन म्हणजे ते दोन मजली उंच बंद भांडं, ज्यात रस आटवून साखरेचा दाणा धरतात. आत काय चाललंय ते दिसत नाही. मीटर असतं, पण मीटरवर विसंबला तो पॅनमन नव्हे. बारीक नळीनं थेंब काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडात धरायचा, बोटांत चोळायचा. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ह्याचाच मला तीस वर्षं पगार मिळाला. रिटायर झालो तरी डोळा तसाच राहिला. फुकट तपासणी म्हटलं की मी आधी दारामागे बघतो.

अंगणात, आप्पांच्या खुर्चीशेजारी बसून केतकीनं समजावून सांगितलं. बोलत छान होती. म्हणाली, आपल्या नखात जी वारशाची माहिती असते तीच मेंदूत असते, अक्षरन्‌अक्षर तीच. मग नख हे नख का आणि मेंदू मेंदू का? कारण कुठं काय वाचायचं आणि किती जोरात वाचायचं, हे ठरवणाऱ्या खुणा असतात. काही आजारांत मजकूर चुकलेला नसतो. त्याच्या आसपास, कधी बराच लांब, एखाद्या खुणेत एका अक्षराचा फरक असतो, आणि मेंदूतल्या ठराविक पेशींत एखादी गोष्ट थोडी जास्त बनत राहते. थोडीच. पण साठ वर्षं.

मला ते पटकन समजलं, हेच वाईट झालं. रस तोच, भांडं तेच, वाफेचा व्हॉल्व पाव फेरा जास्त उघडा राहिला की दाणा बसत नाही, सगळं चिकट होतं. व्हॉल्व मोडलेला नसतो. फिटर आणून दाखवला तर तो म्हणतो, काय झालंय याला, चांगलाय की.

"म्हंजी मोडलेलं काय न्हाई?" मी विचारलं.

"तसं मोडलेलं नाही."

"आन् तरी माणूस मोडतो."

तिनं मान खाली घालून पेटीची कडी लावली. मला वाटलं, पकडली. आता वाटतं, तिला नुसतं वाईट वाटलं असेल. मोडलेला तुकडा हातात दिला की माणूस डॉक्टरवर विश्वास ठेवतो. काहीच मोडलेलं नाही, फक्त कमी-जास्त आहे, असं म्हटलं की तो सगळ्यांच्याच तोंडाकडे बघायला लागतो. आपल्याही.

ऋतुजा, आप्पांची एकुलती एक, तिनं विचारलं, "मग माझी थुंकी कशाला?"

"तुमचं निम्मं आप्पांकडून आलंय. निम्मं आईकडून. दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं."

"आन् चुलत्याकडून?" मी मध्येच.

"चुलता-पुतणीचं साधारण पाव जुळतं."

"म्हंजी बाप आठ आणे, चुलता चार आणे."

"चार आणे बी लई झाले," वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. आप्पा हसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ह्या दुखण्यात चेहऱ्यावर काही उमटत नाही, आत माणूस जागा असतो आणि बाहेर दुकान बंद. पण त्यांचा आवाज यायला लागला म्हणून आम्ही थांबलो. तो आवाजही आता इतका खाली गेलाय की जवळ वाकावं लागतं.

"आईचा बी हात हालायचा," आप्पा म्हणाले. "आपण म्हातारपण म्हणलं. कुणी... इचारायलाच आलं न्हाई. पोरीच्या येळंला... कुणाला तरी ठावं पायजे."

एवढं बोलायला त्यांना रिकामी बादली भरेल इतका वेळ लागला. त्यांना काय हवं होतं ते इतकं स्पष्ट होतं. औषध नको, रिपोर्ट नको. आपल्या हाताची कुठंतरी नोंद व्हावी, बस्स.

रिपोर्ट मिळणार नव्हताच. केतकीनं ते आधीच सांगितलं होतं, हा अभ्यास आहे, घरटी निकाल देत नाही, नावाऐवजी नंबर असतो. मी मनात म्हणालो, देणार नाही म्हणते म्हणजे नक्की काहीतरी ठेवून घेणार. आणि घराण्याचा आजार असा कागदावर चढायची मला भीती वाटत होती, कारण ऋतुजाचं शिरूरकडं जमत आलं होतं. मुलगा रांजणगावला कंपनीत, माणसं चांगली, पण बैठकीत मुलाच्या मामानं एकदा सहज विचारलं होतं, "आप्पांचा हात कशानं हालतो म्हणायचा?" सहज विचारलेला प्रश्न आमच्याकडे सर्वांत जड.

मला केतकी म्हणाली, "काका, तुम्हीही द्या ना. भावाचा नमुना उपयोगाचा असतो."

"माझं बीपी वाढतं थुंकलं की," मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की बीपी खरंच वाढलं.

मग जे झालं ते फार साधं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. गोळ्यांनी आप्पांचं तोंड कोरडं पडतं, आणि गोळ्यांनीच त्यांना झोप येते. एक थेंबही न पडता ते खुर्चीतच पेंगले. केतकी आत ऋतुजाची माहिती लिहून घेत होती. वहिनी गोठ्यात. नळी माझ्या हातात. मी म्हटलं, माझा हात हलत नाही, माझं अक्षर मोठं आहे, मला मळीचा वास येतो. माझी धडधाकट थुंकी आप्पांच्या नावावर गेली की घर स्वच्छ. कुणाचं काय नुकसान? पॅनच्या घशातून थेंब काढणारा माणूस मी, नमुना म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. आणि तरी. झाकण लावलं, सांगितलं होतं तशी हलवली, आणि आप्पांना जागं करून म्हणालो, "झालं बघा तुमचं."

आप्पांनी नळीकडे बघितलं. त्यांना आपण कधी थुंकलो ते आठवेना, पण हल्ली त्यांना स्वतःवरच भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी मान हलवली. हे सगळ्यांत वाईट होतं, तेव्हा ते मला सगळ्यांत सोयीचं वाटलं.

त्या हंगामात मी माणसातून उठलो. पेटी पुण्याला गेली आणि माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. मी स्वच्छ आहे हे मी कुठून ठरवलं? आई तीच. व्हॉल्व माझाही कदाचित पाव फेरा उघडा असेल. रोज सकाळी उठून मी वास घ्यायला लागलो. साबण, हिंगाची डबी, रॉकेल, बैलाची झूल. एकदा वहिनींनी मला चपलेचा वास घेताना पकडलं.

"भावजी, काय हरवलंय का?"

"न्हाई वहिनी. असाच."

"असाच?"

चहाचा कप बशीवर वाजला की मी थांबून बघायचो, कप वाजला की हात. जुन्या डायऱ्या काढून सह्या शेजारी ठेवल्या. एका सहीतला ‘र’ बारीक वाटला म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही, मग कळलं की त्या पानावर जागाच कमी होती. सबंध आयुष्य दुसऱ्यांचा थेंब उजेडात धरणारा मी आता स्वतःलाच काचेवर पसरून बसलो होतो. आज मागं बघताना वाटतं, ऋतुजाचं लग्न हे अर्धंच कारण होतं. उरलेलं असं, की मला माझंच बघायचं होतं, पण भावाच्या नावावर. वाईट निघालं तर त्यांचं, चांगलं निघालं तर माझं.

धुराडं अजून चालूच होतं तेव्हा केतकीचा फोन आला, मला एकट्याला भेटायचंय. दौंडला फलाटावरच्या बाकावर बसलो. तिनं चहा घेतला नाही.

"काका, त्या दिवशी नळ्यांची काही अदलाबदल झाली होती का?"

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. पण चूक मान्य करणं आणि पॅनमन ह्यांचं जुनं वैर.

"छे! माझ्या डोळ्यादेखत भरली आप्पांनी."

"मग एक विचारते, रागवू नका. ऋतुजाताई... दत्तक वगैरे नाहीत ना?"

"न्हाई हो! वहिनींची पयली न् शेवटची. मीच तर नेलं होतं दवाखान्यात, जीपमधनं."

"तुम्ही," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

समोरून मालगाडी जात होती, एकेक डबा संथ. आठ आणे, चार आणे. माझ्या डोक्यात तो हिशोब डब्याडब्यानं पुढं सरकला. आप्पांच्या नळीत मी होतो. ऋतुजाचं आप्पांशी आठ आणे जुळायला हवं ते चार आणेच जुळत होतं. म्हणजे संस्थेच्या संगणकाला दिसत होतं की हा माणूस हिचा बाप नाही, पण घरातलाच कुणीतरी आहे. आणि बाप मग कोण, तर घरात दुसरा पुरुष मी एकटा, जीपमधून दवाखान्यात नेणारा. ह्या पोरीच्या मनात आता वहिनी कुठं जाऊन बसल्या असतील! जिनं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वाढलं, ती. माझ्याकडे बघताना केतकीच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. तीस वर्षं काचेवरच्या थेंबाकडे मी असंच बघत आलो होतो.

"काळजी करू नका," ती हळू म्हणाली. "आम्ही हे कुणालाच सांगत नाही. जुळत नाहीत ते नमुने अभ्यासातून काढून टाकतो. तेवढंच."

आणि मी, देवा, मी "बरं" म्हणालो.

पुढचे चार दिवस मला कुणी विचारलं असतं की नरक कसा असतो, तर मी सांगितलं असतं, अगदी घरासारखा असतो. वहिनी भाकरी वाढायच्या, मी मान वर करायचो नाही. कुणाला काही कळणार नव्हतं. पण कुठल्यातरी संस्थेत, एका पोरीच्या मनात, ह्या बाईवर डाग बसला होता आणि ती इथं मला विचारत होती, ठेचा पाहिजे का. आप्पांची नोंदही पुसली जाणार होती. चौथ्या दिवशी दुपारी आप्पा म्हणाले, "ती पोरगी... काय म्हणली? माझं... पोचलं का?"

"पोचलं," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि सगळंच बाहेर पडलं. अंगणात, भर उन्हात. नळी, झोप, चार आणे, फलाट, मालगाडी. ऋतुजा दारात होती, तिनं तोंडावर हात ठेवला. वहिनी ज्वारी निवडत होत्या. त्यांना पहिल्यांदा उमगलंच नाही.

"म्हंजी त्या पोरीला काय वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

सुपातली ज्वारी तशीच राहिली. वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि त्या संध्याकाळी माझं ताट ऋतुजानं वाढलं. आप्पांकडे बघितलं तर चेहरा बंद. रागावले, दुखावले, की आत कुठंतरी हसले, काहीच कळेना. फक्त हाताचा तो हुरडा जोरात चोळला जात होता. बऱ्याच वेळानं शब्द आले. "फोन... लाव तिला. आत्ता."

मी लावला. सगळ्यांसमोर, स्पीकर चालू करून, सगळं परत सांगितलं. मग केतकी म्हणाली, "काका, मी त्या दिवशी रेल्वेत रडले होते हो." आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, रविवारी येते.

आठ दिवस वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट यायचं, पाणी यायचं, शब्द यायचा नाही. शिरूरच्या लोकांना ऋतुजानं स्वतःच फोन करून वडिलांच्या दुखण्याचं नाव सांगून टाकलं. मुलाच्या मामानं म्हणे विचारलं, औषध कुठल्या डॉक्टरचं चालू आहे, कारण त्यांच्या थोरल्या भावाचाही हात हलतो. आणि ह्यांच्यापासून लपवायला मी एवढा उद्योग केला होता!

रविवारी आप्पांनी नळी स्वतःच्या हातात धरली. हात हलत होता, नळी हलत होती, केतकीनं फक्त कोपराला आधार दिला. मला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, नळीपासून लांब बसवलं होतं. पाऊण तास गेला. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, आणि आप्पा, ज्यांना तो वास येत नव्हता, थेंबाथेंबानं रेघेकडे चालले होते. रेघ गाठली तेव्हा त्यांनी नळी उन्हात वर धरून बघितली. मी इतका नीट थेंब कधी धरला नसेल.

मग केतकी म्हणाली, थुंकीवरून फक्त अक्षरं वाचता येतात. मेंदूत व्हॉल्व खरंच किती उघडा होता ते बघायला मेंदूच लागतो, माणूस गेल्यावर घरच्यांनी दिला तर. लोक देत नाहीत. ज्यांना आजार नाही अशांचेही लागतात, ताडून बघायला.

मला एकदम भरून आलं. पश्चात्तापाच्या भरात माणूस काहीही बोलतो. मी उभाच राहिलो. "माझा लिहून घ्या, मॅडम. मी गेल्यावर माझा अख्खा मेंदू तुमचा. आत्ता सही करतो, कुठं करायची सांगा."

केतकी फॉर्म काढायला सॅकमध्ये वाकली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, आठ दिवसांत पहिल्यांदाच, वहिनींचा आवाज आला.

"बाई, भावजींचं नका लिहू. त्यात काय घावायचं न्हाई. उगं पुण्यास्नं तुमचा हेलपाटा व्हईल."